ज्याची खावी पोळी : जहाजावरच्या व्याख्यात्यांची गोष्ट



मागच्या वेळी आम्ही कोकणातल्या जुन्या बंदरांवर बोललो होतो. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यांतले निम्मे बंदरांबद्दल नव्हतेच. आम्ही सहज एक वाक्य बोलून गेलो होतो, की हा फोटो आम्ही एका पर्यटक जहाजावर व्याख्यानाला गेलो तेव्हा काढलाय. झालं! सगळ्यांनी तेच धरलं. ‘तुम्हाला जहाजावर फुकट नेतात म्हणे, ते कसं काय?’ एका आजोबांनी तर लिहिलं होतं, की मी चाळीस वर्षं भूगोल शिकवला, माझं काही जमेल का? (हशा) तेव्हा आयोजकांनीच सुचवलं, की यावरच बोला. आम्हाला वाटलं, प्रश्न व्यवहाराचा असला तरी त्याच्यामागं इतिहास मोठा आहे. म्हणून आज तोच विषय.

आधी व्यवहार सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. होय, नेतात. पर्यटक जहाज रोज बंदराला लागत नाही. मधले काही दिवस चहूकडे नुसतं पाणी असतं. त्या दिवशी हजार-दोन हजार माणसांना करायचं काय? मग नाच, पत्ते, खाणं, आणि सकाळी पंचेचाळीस मिनिटांचं व्याख्यान. पुढच्या बंदराचा इतिहास, तारे, देवमासे, जुनी राजघराणी, काहीही. व्याख्यात्याला मानधन बहुधा नसतं. त्याऐवजी दोघांची केबिन आणि जेवणखाण मिळतं. बंदरापर्यंतचं विमानाचं तिकीट अनेकदा आपलं आपण काढायचं. बक्षिशी, कपडे धुणं, किनाऱ्यावरच्या सहली आपल्या खर्चानं. मध्यस्थ संस्था असेल तर ती दर रात्रीमागं ठरावीक रक्कम घेते. केबिनला खिडकी असेलच असं नाही. म्हणजे फुकट हा शब्द थोडा सैल आहे. पण आमचा आजचा मुद्दा या खर्चाचा नाही. एक किंमत या यादीत लिहिलेली नसते. आपल्याकडं तिच्यासाठी म्हण आहे : ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.

शब्दांच्या बदल्यात भाकरी आणि निवारा, हा व्यवहार आपल्याला नवा नाही. गावात कीर्तनकार येत, देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर उतरत. त्यांना शिधा मिळे, निघताना बिदागी मिळे. पण नारदाच्या गादीवर उभं राहिल्यावर यजमानाच्या कंजूषपणावर दोन टोले हाणायची मुभा त्यांना असे, आणि यजमानही पुढं बसून हसत असे. ही मुभा त्या गादीची होती. पुढं १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिथं ओसरी कुणा एकाची नव्हती. लोकांनी लोकांसाठी भरवलेली सभा. आपण आज ज्या प्रकारच्या मंचावर बोलतोय, त्याचं घराणं हे. आता प्रश्न असा, की जहाजाच्या सभागृहात उभा राहिलेला माणूस कोणत्या घराण्याचा? त्याच्या पाठीशी कोणती गादी असते?

यासाठी १८४४ सालात जाऊ. विल्यम मेकपीस थॅकरे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८११, कलकत्त्याचा. पण १८४४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ अजून लिहिली जायची होती. थॅकरे म्हणजे तेव्हा मासिकांत टोपणनावानं लिहून पोट भरणारा माणूस. पत्नीला मानसिक आजार, ती उपचारासाठी दूर ठेवलेली, दोन लहान मुली, आणि वडिलोपार्जित पैसा केव्हाच संपलेला. दुसऱ्या बाजूला पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडची पी अँड ओ कंपनी. तिचं मूळ काम टपाल नेण्याचं. लिस्बन, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया असे तिचे टपालाचे मार्ग ठरलेले होते. तिनं विचार केला, की हेच मार्ग एकमेकांना जोडले तर भूमध्य समुद्राची एक छान फेरी होते. तिची जाहिरात कशी करायची? त्या ऑगस्टमध्ये क्लबात जेवताना विषय निघाला आणि कंपनीतर्फे थॅकऱ्यांना फुकट जागा देऊ केली गेली. दोन दिवसांत माणूस जहाजावर! अथेन्स, स्मर्ना, कॉन्स्टँटिनोपल, जाफा, जेरुसलेम, कैरो, सगळं पाहून झालं. प्रवासातही पोटाचा धंदा सुटला नव्हता. ‘बॅरी लिंडन’ ही कादंबरी त्यांनी परतताना माल्टाच्या विलगीकरणात बसून पुरी केली.

१८४६ मध्ये पुस्तक आलं, कॉर्नहिलपासून कैरोपर्यंतच्या प्रवासाचं. थॅकऱ्यांनी लपवलं काही नाही. पाहुणचाराचा उल्लेख स्वच्छ केला आणि पुस्तक कंपनीच्याच एका कप्तानाला अर्पण केलं. अथेन्सबद्दल त्यांनी वाटेल ते लिहिलंय. शहर गबाळं, खोलीत ढेकूण, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं ग्रीस त्यांना मुळीच पटलं नाही. पण कंपनीबद्दल? कंपनीबद्दल गोड.

यावर टॉमस कार्लाईलनं जी थट्टा केली ती त्यांच्या एका मित्रानं पुढं लिहून ठेवली आहे. कार्लाईलचं म्हणणं असं, की हा प्रकार स्कॉटलंडमधल्या तरीवर आंधळा फिडलवाला उतारूंना सूर ऐकवत पैसे मिळवतो त्यातला झाला. थॅकऱ्यांना ते फार लागलं. आम्हाला विचाराल तर टोला थोडा दुष्ट होता. फिडलवाल्यानं पोट भरलं, त्यात पाप काय? दोन मुलींच्या बापाला फुकट सफर मिळाली तर त्यानं नाही म्हणायचं? पण कार्लाईलनं एक गोष्ट बरोबर हेरली होती. तरीवरचा वादक तरीच्या मालकाविरुद्ध गाणं म्हणत नाही. त्याला कुणी तशी ताकीद दिलेली नसते. तो आपणहून म्हणत नाही.

हे आम्ही का ताणतोय, तर त्यानंतर थोड्याच वर्षांत याच कंपनीची जहाजं मुंबईहून माळव्याची अफू चीनला नेऊ लागली. थॅकऱ्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्यांची सफर आधीची. पण विचार करा, त्या काळात त्या जहाजावर फुकट बसलेल्या लेखकानं तळघरात काय भरलंय हे लिहिलं असतं का?

आता दुसरं जहाज. १८६७ चा जून महिना, न्यूयॉर्क बंदर, ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट. युरोप आणि पवित्र भूमीची सहल, भाडं माणशी १,२५० डॉलर. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. जाहिरातीत दोन मोठी नावं झळकत होती, प्रख्यात धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर आणि यादवी युद्धातले जनरल शेरमन. त्या नावांवर लोक आले. प्रत्यक्षात दोघांनीही येणं रद्द केलं! म्हणजे ‘प्रमुख पाहुणे काही अपरिहार्य कारणामुळं’ ही परंपराही जुनीच आहे. (हशा)

पण त्या जहाजावर एकतीस वर्षांचा एक वार्ताहर होता, सॅम्युएल क्लेमेन्स, म्हणजे मार्क ट्वेन. त्याच्या खिशातनं एक डॉलर गेला नाही. भाडं भरलं सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आल्टा कॅलिफोर्निया’ या वर्तमानपत्रानं, वर पत्रामागं वीस डॉलर. थॅकरेही फुकट गेले, ट्वेनही फुकट गेला. पण थॅकऱ्यांचं भाडं जहाजानं माफ केलं होतं आणि ट्वेनचं भाडं त्याच्या वाचकांकडून आलं होतं. ट्वेननं कुणाला सोडलं नाही. सहप्रवाशांचा सोवळेपणा, दगडांचे तुकडे फोडून आठवण म्हणून नेण्याची हाव, वाटाड्यांपुढं मान डोलावण्याची सवय. परतल्यावर लगेच न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात या सहलीची अशी खिल्ली उडवली, की प्रवासी खवळले. कप्तानाशी तर दहा वर्षांनीही छापील भांडण चालू होतं. १८६९ मध्ये त्याचंच पुस्तक झालं, ‘द इनोसंट्स अब्रॉड’, आणि ते तुफान खपलं.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही या दोन पुस्तकांकडं पुरावा म्हणून बघतो तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. साधन वाचताना पहिला प्रश्न असतो कुणी लिहिलं हा. दुसरा असतो, कुणाच्या खर्चानं? बखर वाचताना आपण हा प्रश्न न चुकता विचारतो. प्रवासवर्णन वाचताना मात्र विसरतो.

ट्वेनची आपल्या मुंबईशीही गाठ आहे. पुढं छापखान्याच्या आणि यंत्राच्या धंद्यात तो बुडाला, आणि साठीच्या उंबरठ्यावर कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत निघाला. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत उतरला, नॉव्हेल्टी थिएटरात बोलला, पुढं बडोद्यालाही गेला. लोकांनी तिकिटं काढून ऐकलं आणि सावकारांची पै न पै फिटली. त्याच्याही दहा वर्षं आधी आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेला पोचल्या होत्या, १८८६ साली, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. नंतर त्या तिथं शहरोशहरी बोलत फिरल्या. त्या व्याख्यानांतून बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. बोलून प्रवास करणं हे मनोरंजनासाठीच असतं असं नाही, कर्ज फेडायला असतं, शाळा काढायलाही असतं. रमाबाईंना मदत करणाऱ्यांची अपेक्षा होती, की त्यांनी आपल्या मनासारखं बोलावं आणि चालावं. त्या तशा चालल्या नाहीत, हे त्यांचं चरित्र वाचलेल्यांना सांगायला नको.

बरं, मग आजच्यासारखं व्याख्यान जहाजावर आलं केव्हा? सहलीचं जहाज हे मुळात रिकाम्या हंगामाचं अपत्य आहे. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडायला उतारू मिळत नसत. हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिननं १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात सहलीला पाठवलं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, पण सहल यशस्वी झाली. इंग्लंडमध्ये हेन्री लन नावाच्या गृहस्थांनी त्याला अभ्यासाची जोड दिली. हे तरुणपणी भारतात वैद्यकीय मिशनरी होते. पुढं प्रवासाच्या धंद्यात शिरले. १९०६ मध्ये त्यांनी हेलेनिक ट्रॅव्हलर्स क्लब काढला. ग्रीक अवशेष बघायचे आणि सोबत विद्वान न्यायचे, अशी ती कल्पना. पन्नाशीच्या दशकात लंडनच्या स्वान मंडळींनी तीच पुढं नेली, स्वान हेलेनिक या नावानं. तिथले व्याख्यात्यांचे प्रमुख कोण, माहितेय? सर मॉर्टिमर व्हीलर. १९४४ ते १९४८ आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक, हडप्प्याला आणि अरिकमेडूला खोदणारे, तक्षशिलेला आपल्या पोरांना उत्खनन शिकवणारे. पिळदार मिशा, खडा आवाज. ते ग्रीसच्या दगडांवर उभे राहून बोलत आणि प्रवासी उन्हात टिपणं काढत. जहाज तुर्की, अवशेष ग्रीक, प्रवासी इंग्रज, आणि वक्त्यानं निम्मं नाव कमावलेलं आपल्याकडं. गंमत आहे.

व्हीलरांसारख्यांची विद्वत्ता इतकी मोठी होती, की लोक त्यांच्यासाठी तिकीट काढत. कंपनीलाच त्यांची गरज होती. अशा वेळी वक्त्याला आपोआप गादी मिळते. आमच्यासारख्यांचं तसं नाही. आम्ही नाही म्हटलं तर मध्यस्थाच्या यादीत खाली शंभर नावं असतात. मोकळेपणानं बोलता येणं हे स्वभावावर जितकं अवलंबून असतं, तितकंच आपल्यावाचून कुणाचं किती अडतं यावरही.

आणखी एकच उदाहरण. ब्रिटिश इंडिया कंपनी आपल्या ओळखीची, मुंबईहून आफ्रिकेला जाणारी माणसं तिच्याच जहाजांतून गेली. या कंपनीनं १९६१ मध्ये ‘ड्यूनेरा’ या सैनिकी जहाजाचं शाळेच्या सहलींचं जहाज केलं. वर्ग, व्याख्यानं, मुलांसाठी झोपायच्या जागा. फार चांगली योजना. पण १९४० मध्ये याच जहाजातून ब्रिटिश सरकारनं अडीच हजारांवर कैदी ऑस्ट्रेलियाला धाडले होते. त्यातले बहुसंख्य हिटलरच्या छळातून पळालेले ज्यू. वाटेत पहारेकऱ्यांनी त्यांना लुटलं, मारलं, पुढं त्याबद्दल लष्करी खटले झाले. जहाजावर इतिहास सांगताना पायाखालच्या फळ्यांचाही इतिहास असतो, एवढंच आम्हाला म्हणायचंय.

आता आमचं. हे सांगायला थोडं जड जातं, पण टाळलं तर आज इथं उभं राहण्यात अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी मुंबईहून गोव्याकडं जाणाऱ्या एका सहलीवर आम्हाला बोलावणं आलं. कंपनीचं नाव सांगत नाही. ती काही जगावेगळी वागली नाही, सगळ्यांचा रिवाज तोच आहे. आम्ही तीन विषय कळवले : कान्होजी आंग्रे, कोकणातले दीपस्तंभ, आणि ‘रामदास’ बोट. दोन दिवसांत उत्तर आलं. पहिले दोन उत्तम. तिसरा नको. लोक सुट्टीवर येतात, जहाजावर बुडालेल्या बोटीची गोष्ट कशाला? त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं. खरंच पटलं. विमानात कुणी विमान पडण्याचे सिनेमे दाखवतं का? आम्ही तिसऱ्याच्या जागी कोकणातल्या खाद्यसंस्कृतीचा विषय दिला आणि बॅगा भरल्या.

संध्याकाळी जहाज मुंबई सोडून दक्षिणेला वळलं. डावीकडं रेवसच्या बाजूचे दिवे लागले होते. आंग्र्यांचं व्याख्यान छान झालं, टाळ्या पडल्या. नंतर सत्तरीच्या पुढच्या एक बाई आमच्याजवळ आल्या. अलिबागकडच्या. त्यांनी अगदी हळू विचारलं, “आपण आत्ता त्याच पाण्यातून गेलो ना? रामदासचं काही सांगणार नाही का तुम्ही?” त्यांचे वडील त्या बोटीवर होते. त्या तेव्हा आईच्या पोटात होत्या.

आम्ही काय म्हणालो माहितेय? “वेळेत बसलं नाही, ताई.”

खोटं बोललो. कुणी आमच्यावर पाळत ठेवली नव्हती. त्या बाईंना बाजूला बसवून अर्धा तास बोललो असतो तरी कुणी केबिन काढून घेणार नव्हतं. पण नुकतंच त्यांच्या टेबलावर जेवलो होतो, आणि खाल्लं मीठ बरोबर जिभेवर आलं. ज्याची टर आम्ही वर्गात थॅकऱ्यांच्या नावानं उडवत होतो, ते आम्ही स्वतः केलं, तेही त्यांच्याइतका प्रामाणिक उल्लेख न करता. थॅकऱ्यांनी निदान छापून सांगितलं, की मी पाहुणा आहे.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी पाळतो. विषय आधी लेखी ठरवतो, आणि एखादा नाकारला गेला तर तो का नाकारला हे श्रोत्यांनी विचारल्यास खरं सांगू, हेही आधीच कळवतो. यामुळं दोन बोलावणी गेली. एक राहिलं. भूगोलाच्या आजोबांना आमचं सांगणं आहे, जरूर जा. समुद्र बघण्यासारखा असतो आणि ऐकणारे फार प्रेमानं ऐकतात. फक्त निघण्याआधी एकदा बसून ठरवा, की आपल्याला कोणती गोष्ट सांगायचीच आहे. ती यादीतून कटली तर मग केबिनचा विचार करा.

आणि ते नाकारलेलं व्याख्यान? त्याचा थोडका सारांश आज इथं देतो. या सभागृहाचं भाडं तुमच्या वर्गणीतून गेलंय.

गुरुवार, १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. आषाढ अमावास्येचा सुमार, गटारीला घरी निघालेली माणसं, भाऊच्या धक्क्यावर गर्दी. ‘रामदास’ ही रेवसला जाणारी नेहमीची बोट. तिच्या कंपनीला कोकणातले लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, इतका तिच्यावर जीव. देशी माणसांनी परदेशी कंपन्यांच्या स्पर्धेत उभी केलेली. सकाळी बोट सुटली, पावसाळी समुद्र खवळला, वारा वाढला. पाणी आत येऊ लागल्यावर माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, म्हणून मुंबईला बातमी कळायला दुपार उलटली. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी भरलेली मासळी समुद्रात ओतून दिली आणि जागा झालेल्या होड्यांत हाताला लागतील ती माणसं ओढून घेतली. त्या दिवसाची कमाई त्यांनी पाण्यात सोडली. त्यांना कुणी भाडं दिलं नव्हतं.

त्या ताईंचा पत्ता आम्ही तेव्हा घेतला नाही. त्या ही मालिका ऐकत असतील तर त्यांना सांगायचंय, की वेळेत बसत होतं. आम्हीच बसवलं नाही. आज बसवलं.

 आता प्रश्न घेऊ या.